कॅप्सूल सोडून नुसती गोळी नको: पाळी जाण्याच्या काळातले हार्मोन उपचार आणि त्यांचे त्रास

प्रश्न थोडक्यात असा. ताई ४७ वर्षांच्या, इंदूरला सुदामा नगरात राहतात, शाळेत शिकवतात. वर्षभर पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येत होती. रात्री अंगातून वाफा निघायच्या, घामाने उशी भिजायची, झोप होत नव्हती आणि घरात सगळ्यांवर चिडचिड व्हायची. डॉक्टरांनी रोज सकाळी इस्ट्रॅडिओल व्हॅलरेटची २ मिलिग्रॅमची गोळी आणि महिन्यातले १४ दिवस रात्री प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली. त्याला अडीच महिने झाले. वाफा थांबल्या, झोप लागू लागली. पण स्तन जड होऊन दुखतात, सकाळी मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, कॅप्सूलच्या दिवसांत पोट फुगतं आणि सकाळी उठल्यावर गरगरतं, आणि भलत्याच तारखांना डाग लागतात. थायरॉईडची गोळी आधीपासून चालू आहे. नणंद म्हणते, या औषधांनी कॅन्सर होतो. म्हणून ताई लिहितात, ‘या महिन्यात कॅप्सूल घेतलीच नाही, नुसती सकाळची गोळी घेतली, तर किती बरं वाटलं! असंच चालू ठेवू, की सगळंच बंद करू?’ जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलता येईल का.

ताई, आधी या महिन्याच्या कॅप्सूलचं बघू, बाकी सगळं मागाहून.

गर्भाशय जागेवर असताना सकाळची गोळी चालू आणि रात्रीची कॅप्सूल बंद, हे मी माझ्या एकाही पेशंटला करू देत नाही. सगळंच बंद केलंत तर फार तर वाफा परत येतील. पण नुसती गोळी चालू ठेवणं धोक्याचं आहे. सकाळच्या गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या आतलं अस्तर वाढतं. प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आळा घालतं, आणि त्याचा कोर्स संपला की ते अस्तर पाळीच्या रूपाने पडून जातं. प्रोजेस्टेरॉनच नसेल तर अस्तर महिन्यामागून महिने जाड होत राहतं आणि त्यातून पुढे अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत एके काळी बायकांना सर्रास नुसतं इस्ट्रोजेन दिलं जायचं. १९७५ मध्ये हा संबंध उघड झाला आणि तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला दोन्ही औषधं बरोबरच देतात.

एका महिन्यात काही आभाळ कोसळत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून ‘या महिन्याची कॅप्सूल घेतलेली नाही’ असं स्पष्ट सांगा. बहुतेक त्या आत्तापासून १४ दिवस कॅप्सूल घ्यायला लावतील, मग अंगावरून जाईल आणि गाडी पुन्हा रुळावर येईल. त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त गेलं तर तेही त्यांना कळवा. गोळीने बरं वाटतं आणि कॅप्सूलने त्रास होतो, तेव्हा गोळी ठेवायची नि कॅप्सूल सोडायची, हा हिशोब अगदी साहजिक आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी हेच करतात आणि खोदून विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तुम्ही आपणहून सांगितलंत, फार बरं केलंत.

आता तुमचे त्रास. पाच-सहा तक्रारी एकदम मांडल्या की औषधच अंगाला लागत नाही असं वाटतं. पण तुम्ही दोन वेगळी औषधं घेताय आणि दोघांचे त्रास वेगळे आहेत. कुठला त्रास कुणाचा, हे एकदा कळलं की पुढचं सोपं असतं. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आपल्याकडे दुधाचा हिशोब लिहितात ना, त्याच चौकोनात लिहायचं. कॅप्सूल घेतलेल्या तारखेला ‘क’, डाग लागला तर एक ठिपका, पाळीसारखं गेलं तर गोल, आणि त्या दिवशी ज्याने सगळ्यात जास्त छळलं त्याचं एकच अक्षर: स्तन दुखले तर ‘स’, पोट फुगलं तर ‘प’, गरगरलं तर ‘ग’. जास्त लिहू नका, आठवड्यात कंटाळा येईल. दोन महिन्यांचं पान समोर ठेवलंत की डॉक्टरांना अर्धं निदान तिथेच दिसतं. त्रास महिनाभर सारखा असेल तर बोट बहुतेक इस्ट्रोजेनकडे. ‘क’ लिहिलेल्या दिवसांतच गर्दी असेल तर प्रोजेस्टेरॉनकडे. कशाचाच मेळ लागत नसेल तर तुमचे स्वतःचे अंडाशय, नाहीतर थायरॉईड, रक्तदाब, अंगात रक्त कमी असणं असं काही तिसरंच निघतं.

अंडाशयांचं मुद्दाम सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. पाळी पूर्ण जाण्याआधीच्या या वर्षांत अंडाशय थंडावलेले नसतात, लहरी झालेले असतात. एका महिन्यात काहीच नाही, तर दुसऱ्या महिन्यात तरुणपणी बनत नव्हतं इतकं इस्ट्रोजेन बनवतात. त्या महिन्यात वरून तुमची २ मिलिग्रॅमची गोळी पडली की स्तन दगडासारखे होतात. म्हणूनच याच गोळीने गेल्या महिन्यात काही झालं नाही आणि या महिन्यात झालं, असं होऊ शकतं. याच कारणाने या वयात महागडी ‘हार्मोन प्रोफाइल’ करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. आजचा आकडा पुढच्या आठवड्यात बदलतो. पंचेचाळिशीनंतर लक्षणं आणि पाळीचा इतिहास यांवरून निदान होतं. तेच पैसे हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि साखर यांवर खर्च करा.

कॅप्सूलपासून सुरू करू. प्रोजेस्टेरॉन शरीरात मोडताना त्यातून मेंदूला गुंगी आणणारा एक पदार्थ तयार होतो. म्हणून ही कॅप्सूल रात्री देतात, आणि बऱ्याच जणींना झोपेसाठी तिचा फायदाच होतो. पण ती पोटभर जेवणावर घेतली, त्यातून तेलातुपाच्या, तर ती फार जास्त शोषली जाते आणि गुंगी सकाळपर्यंत पुरते. आपल्या इंदूरची जेवणं उशिरा, त्यात पाहुणे आले की दहा वाजता सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन भुट्ट्याचा कीस आणि गराडू, आणि घरी येऊन लगेच कॅप्सूल. मग सकाळी साडेपाचला उठून शाळेत जायचं म्हटल्यावर गरगरणारच. जेवण आठला उरका आणि कॅप्सूल दहाला, अंथरुणावर बसून, पाण्याबरोबर घ्या. घेतल्यावर ओटा आवरत बसू नका. रात्री उठावं लागलं तर आधी मिनिटभर काठावर बसा. आणि हे नीट जमेपर्यंत कॅप्सूलच्या दिवसांत सकाळी स्कूटर चालवू नका.

एवढ्याने साधलं नाही तरी मार्ग आहेत. तीच कॅप्सूल योनीमार्गात ठेवता येते. तिथून ती थेट गर्भाशयाकडे जास्त पोचते आणि डोक्यात गुंगी कमी चढते. पण दिवस आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. डायड्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं औषध, आहे, त्याने गुंगी येत नाही. कॅप्सूलच्या दिवसांत ज्यांना रडू येतं, उदास वाटतं किंवा घर खायला उठतं, त्यांच्यापैकी काही जणींना या बदलाने बरं वाटतं. काहींना नाही, हेही खरं. पूर्वी दर महिन्याला पाळीआधी मन फार खचत असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. प्रोजेस्टेरॉन न सोसणाऱ्या बायका बहुधा त्यांच्यातल्याच असतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर डबीवरचं बारीक अक्षर वाचा, काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं.

तिसरा मार्ग मला स्वतःला फार आवडतो, पण ऐकल्याबरोबर बायका मागे सरतात. तो म्हणजे गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी, मिरेना नावाने ती जास्त ओळखली जाते. तांबी म्हणतात खरं, पण तिच्यात तांबं नसतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन ती रोज किंचित किंचित, थेट अस्तरावरच सोडते. त्यामुळे गुंगी नाही, दर महिन्याच्या कॅप्सूल नाहीत, रक्तस्राव कमी होत जातो आणि गर्भही राहत नाही. हार्मोन उपचारांसोबत ती ५ वर्षं चालते. पहिले ३ ते ६ महिने मात्र अधूनमधून डाग लागतात. तेवढं सोसायची तयारी असेल तरच बसवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात ‘काढून टाका’ म्हणून याल. ज्यांना भरभरून जातं त्यांच्यासाठी तर ती उत्तमच. या वयात जास्त जातंय म्हटलं की नात्यातलं कोणीतरी ‘पिशवीच काढून टाक’ असा सल्ला देतं. पिशवी काढण्याच्या कितीतरी शस्त्रक्रिया या तांबीने टळल्या आहेत.

पोट फुगण्याचं निम्मं कारण प्रोजेस्टेरॉन, ते पाणी धरून ठेवतं आणि आतडी सुस्तावतं. उरलेलं निम्मं आपल्या ताटात असतं. इंदूरमध्ये पोह्यांवर शेव, वरणात शेव, भाजीत शेव, आणि वर जिरावण. त्या चौदा दिवसांत शेव, पापड, लोणचं आवरतं घ्या, भाकरी आणि पालेभाजी वाढवा, जेवणानंतर थोडं चाला. फरक पडतो. हे पाणी आहे, चरबी नाही. हार्मोन उपचारांनी वजन वाढतं असा पुरावा नाही. या वयात वजन वाढतं आणि पोटाकडे सरकतं, ते औषध घेणाऱ्यांचंही आणि न घेणाऱ्यांचंही.

आता सकाळची गोळी. स्तन दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी हे तिचे ठरलेले त्रास. बहुतेकींचे पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतात, म्हणून आम्ही तीन महिने थांबायला सांगतो. तुमचे अडीच महिने होत आलेत आणि त्रास कमी होत नाही, तेव्हा आता मात्रेबद्दल विचारायची वेळ झाली आहे. अनेक जणींना १ मिलिग्रॅम पुरते. वाफा पूर्ण थांबल्या असतील तर मी तरी पहिल्यांदा मात्राच उतरवून बघते. मळमळीसाठी गोळी सकाळी रिकाम्या पोटी न घेता रात्री जेवणानंतर घेऊन बघा. दुखणाऱ्या स्तनांसाठी नीट मापाची, आधार देणारी ब्रा घ्या. आपल्याकडे पंधरा वर्षांपूर्वीच्या मापाची ब्रा घालत राहणाऱ्या अनेक जणी आहेत आणि ही तक्रार त्यांचीच जास्त. पोटऱ्यांसाठी झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणायची, दोन्ही पायांची. गोळे दोन्हीकडे, आलटून पालटून, रात्रीचे येत असतील तर चिंता नाही.

एकच पाय सुजला, पोटरी एका जागी सतत दुखतेय, तिथे हात लावला तर गरम लागतंय, हे मात्र वेगळं. ती शिरेत झालेली रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, तेल चोळत बसू नका. अचानक धाप लागणं, छातीच्या पिंजऱ्यात दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं, एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं, डोळे पिवळे होणं, यांपैकी काहीही झालं तर गोळी थांबवा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे पहिल्या वाक्यातच सांगा की हार्मोनची गोळी चालू आहे. असं क्वचित होतं. पण गोळीने गुठळीचा धोका थोडा वाढतो आणि त्याचं कारण यकृतात आहे. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं.

म्हणूनच त्वचेवर लावायच्या इस्ट्रॅडिओल जेलचा पर्याय डॉक्टरांशी जरूर बोला. ते यकृताला वळसा घालून रक्तात जातं, नेहमीच्या मात्रेत त्याने गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही, मळमळ जवळपास नसते आणि रक्तातली पातळीही गोळीपेक्षा समान राहते. वजन जास्त, अर्धशिशी, रक्तातली वाढलेली चरबी (ट्रायग्लिसराइड), पित्ताशयात खडे, घरात कोणाला गुठळीचा त्रास, यांपैकी काही असेल तर मी सुरुवातच जेलने करते. डोकेदुखीचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण कोणा वाचणारीला असेल तर तिने आधी रक्तदाब मोजावा. डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमचम किंवा नागमोडी रेघा येत असतील तर ते डॉक्टरांना न विसरता सांगावं.

जेल लावायची पद्धत चुकली की औषध लागू पडत नाही आणि दोष औषधाला जातो. ०.०६ टक्क्यांच्या जेलच्या २.५ ग्रॅममध्ये १.५ मिलिग्रॅम इस्ट्रॅडिओल असतं. ट्यूब असेल तर सोबतच्या मापाने मोजा, पंप असेल तर किती वेळा दाबायचं ते डॉक्टर लिहून देतील. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून दंडावर, खांद्यापर्यंत, किंवा मांडीवर पातळ पसरायचं. बाम चोळतो तसं जिरवायचं नाही, नुसतं पसरायचं. स्तनांवर कधीच लावायचं नाही. पाच मिनिटं वाळू द्या, मग कपडे घाला, हात साबणाने धुवा आणि तासभर ती जागा धुऊ नका. जेलमध्ये अल्कोहोल असतं, तेव्हा ते लावून ओल्या हाताने गॅस पेटवायला किंवा देवापुढे निरांजन लावायला जाऊ नका. वाळल्यावर खुशाल जा. लहान नातवंड कडेवर येत असेल तर लावलेली जागा झाकलेली हवी, मुलांच्या अंगाला ते लागता कामा नये. गोळीपेक्षा जेल महाग पडतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात नसतं. दवा बाजारात मिळतं, पण चिठ्ठीवर घटकाचं नाव आणि टक्के लिहून न्या. ‘तसंच दुसरं’ म्हणून हातात पडलेलं प्रोजेस्टेरॉनचं जेल घेऊन येणाऱ्या बायकाही असतात.

आता डाग. तुमच्या पद्धतीत कॅप्सूलचे १४ दिवस संपता संपता, किंवा संपल्यावर दोन-चार दिवसांत, पाळीसारखं जायला हवं. अधल्यामधल्या तारखांना पहिले तीन महिने थोडेफार डाग लागणं अपेक्षितच आहे, कारण तुमचे अंडाशयही मध्येच आपला कारभार चालवतात. कॅप्सूल चालू असतानाच गेलं तरी कॅप्सूल पूर्ण करायची, मध्ये थांबवायची नाही. एखादी रात्र विसरली की दोन दिवसांनी डाग लागतो, कॅलेंडरमध्ये ‘क’ गाळलेला दिसला की उत्तर मिळतं. सहा महिन्यांनंतरही बेशिस्त चालूच असेल, किंवा आत्ताच तासा-दीड तासाला पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, संबंधानंतर रक्त येत असेल, तर थांबायचं नाही. योनीमार्गातून सोनोग्राफी, आणि गरज पडली तर अस्तराचा छोटा तुकडा तपासणं, एवढं लागतं. तो तुकडा बहुधा ओपीडीतच, बारीक नळीने घेतात. तुम्ही महिनाभर कॅप्सूल सोडली होती हे सोनोग्राफी करणाऱ्यांनाही सांगा, नाहीतर जाड अस्तर बघून त्यांना वेगळीच शंका येईल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या बाबतीत मला तीच महत्त्वाची वाटते. तुम्ही थायरॉईडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, घेता. तोंडाने इस्ट्रोजेन घेतलं की रक्तात थायरॉईड हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, आणि आजवर पुरणारी थायरॉक्सिनची मात्रा कमी पडू शकते. मग थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठ, केस गळणं, वजन वाढणं सुरू होतं आणि दोष हार्मोनच्या गोळीवर जातो. सुरू केल्यापासून ६ ते १२ आठवड्यांत टीएसएच एकदा करावाच लागतो. तुमचा झाला नसेल तर याच आठवड्यात करा. जेलने हा प्रश्न सहसा येत नाही. म्हणजे गोळीवरून जेलवर गेलात तर थायरॉक्सिन पुन्हा जास्त होतंय का, हेही बघावं लागेल. आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि थायरॉक्सिन यांच्यात चार तासांचं अंतर हवं. एका घोटात तिन्ही गिळणाऱ्या बायका माझ्याकडे रोज येतात.

तशीच गत इतर औषधांची. फिटच्या काही गोळ्या आणि टीबीचं रिफॅम्पिसिन हार्मोनचा परिणाम कमी करतात, तर लॅमोट्रिजिन या फिटच्या गोळीचा परिणाम इस्ट्रोजेनमुळे कमी होऊ शकतो. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणून घेतलेल्या काढ्यांची आणि ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूलची डबीही डॉक्टरांना दाखवा. ब्लॅक कोहोश नावाची वनस्पती अशा मिश्रणांत पुष्कळदा असते आणि ती घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

नणंदबाईंच्या कॅन्सरच्या भीतीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. तिचं मूळ जुलै २००२ मध्ये आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतला एक भाग तेव्हा मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. त्या चाचणीतल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३. त्यांना दिलेलं इस्ट्रोजेन घोडीच्या लघवीपासून बनवलेलं होतं आणि सोबतचं प्रोजेस्टोजेन आजच्या तुमच्या कॅप्सूलहून वेगळं, कृत्रिम. तरीही दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनांचा कॅन्सर औषधाविना ३० जणींना आणि औषधासह ३८ जणींना दिसला, म्हणजे ८ जास्त. गर्भाशय काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तर वाढ दिसली नाही. तुमच्या कॅप्सूलमधलं प्रोजेस्टेरॉन या बाबतीत जास्त सौम्य असावं असं फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीत दिसलं. पण ती नुसती पाहणी होती, चाचणी नव्हती, म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही. धोका थोडा आहे, आणि जितकी वर्षं घ्याल तितका वाढतो. सुटलेलं वजनही तो वाढवतं, त्याबद्दल मात्र घरात कोणी बोलत नाही. तुमच्या आईला, मावशीला किंवा बहिणीला स्तनांचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर मात्र हे सगळं गणित नव्याने मांडावं लागेल. ते तुम्ही लिहिलेलं नाही, डॉक्टरांना सांगा. मॅमोग्राफी झाली नसेल तर करून घ्या. दोन्ही स्तन दुखणं हे हार्मोनचं लक्षण, कॅन्सरचं सहसा नाही. हाताला गाठ लागली, त्वचा ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर तारीख न बघता दाखवायचं.

आणखी एक, जे या वयात विचारायला बायका लाजतात. या औषधांनी गर्भ राहणं थांबत नाही. पाळी मागेपुढे होत असली तरी अंडं कधीतरी सुटतंच. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायला हवी. आता तर दर महिन्याचं जाणं औषधाने येतंय, त्यामुळे स्वतःची पाळी कधी गेली हे तुम्हाला कळणारही नाही.

राहता राहिल्या महालक्ष्म्या. भाद्रपद लागला की मेडिकलवाल्यांकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची रांग लागते आणि चिठ्ठीही कोणी मागत नाही. ती गोळी बहुधा नोरेथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. एवढ्या मात्रेत तिचा काही भाग शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणजे गुठळीचा धोका पुन्हा दारात. तुमच्या चालू गोळीवर ती चढवू नका, मैत्रिणीने दिली तरी नको. तुम्हाला तिची गरजही नाही. तुमचं जाणं कॅप्सूल थांबल्यावर येतं, तेव्हा कॅप्सूलच्या तारखा आधीच सरकवता येतात किंवा तीच कॅप्सूल काही दिवस लांबवता येते. मात्र हे ऐनवेळी होत नाही. आवाहनाच्या निदान महिना-दीड महिना आधी कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा, आवाहन, पूजन, विसर्जन या तिन्ही तारखांवर खूण करून. तुमचे अंडाशय मध्येच लहरीत आले तर थोडा डाग तरीही लागू शकतो, त्याची हमी कोणी देणार नाही. त्यावरून पुरणाला हात लावायचा की नाही हे तुमच्या घरचं. मला विचाराल तर महालक्ष्म्यांची हरकत नसावी, त्या सासरच्या नाहीत, माहेरपणाला आलेल्या आहेत.